कपाटातला मास्टर मीटर

बजाजनगरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत मीटरांनी भरली आहे. लाइटबिलाचे मीटर नव्हेत. वायरमनच्या पिशवीत व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारा मल्टिमीटर असतो ना, त्याचे हे थोरले भाऊ. टेबलावर ठेवायचे, पत्र्याच्या पेटीतले, चार-पाच किलो वजनाचे. काहींत काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी आकडे पेटतात, काहींत लाल. एका जपानी मीटरचे आकडे फिकट हिरवे आहेत. तो लावला की पहिली दहा मिनिटं काहीबाही दाखवतो, मग शुद्धीवर येतो.

घरी येणारा म्हणतो, लई छान छंद आहे. बायको म्हणते, भंगार आहे. पाच वर्षांपूर्वी वाळूजच्या आमच्या कंपनीनं मोजमापाचं खातं बंद केलं, ते काम बाहेरच्या लॅबला दिलं आणि माझ्याकडून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही घेतली. सही दुसऱ्याच्या मर्जीनं आणि कागदाचं नाव स्वेच्छा. त्यानंतर हातांना काहीतरी हवं होतं, म्हणून हे सुरू झालं. बंद पडलेल्या कंपन्या, आयटीआयच्या जुन्या प्रयोगशाळा, छावणीचा आठवडी बाजार, जिथं मिळेल तिथून आणायचं. बहुतेकांचा रोग सारखाच असतो. कपॅसिटर सुकलेले, स्विचवर काळा थर, आणि आधी कुणीतरी उघडून घातलेला घोळ. कपॅसिटर बदलायचे, स्विच स्पिरिटनं पुसायचा, मागच्या माणसानं थापलेलं सोल्डर ओढून काढायचं. या मागच्या माणसाचा मला फार राग येतो. मीटर आपल्या आपण क्वचितच मरतो.

रांजणगावच्या रस्त्याला एक भंगारवाले चाचा आहेत. माझं वेड त्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा फोन आला.

"मियाँ, तुमारी कंपनी का माल उठाया मैं. तुमारे वाले डब्बे हैं उसमें. तोड़ने के पैले आके देख लो."

मी गेलो. पत्र्याच्या शेडखाली आमच्या खात्याची कपाटं आडवी पडली होती. एका कपाटाचं दार कटावणीनं उचकटलेलं होतं, आणि त्याच्या पोटात, जुन्या रजिस्टरांच्या लगद्याखाली, करड्या रंगाचा एक मीटर होता. त्याच्या कपाळावर पांढऱ्या रंगानं, ब्रशनं, एक आकडा घातलेला होता. ते अक्षर मी ओळखलं. खालचं बूड गोल, वरची शेपटी सरळ. तो आकडा घालणाऱ्या माणसानं मला हे काम शिकवलं होतं.

"क्या हुआ? पसंद नहीं?" चाचांनी विचारलं.

"लेता हूँ," मी म्हणालो. त्यांनी तो वजनावर दिला.

तो मीटर कुठला आणि मी तो का घेतला, ते सांगायचं तर अठ्ठावीस वर्षं मागं जावं लागेल.

मी फुलंब्रीकडच्या एका खेड्यातला. आजोबा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर असायचे, वडलांनी मेंढरं विकून शेतात आणि दुसऱ्याच्या विहिरीवर काम केलं, मी आयटीआय केलं. कंपनीत लागलो तो कंत्राटावर, मोजमापाच्या खोलीत. कंपनी दुचाकीच्या बॅटरीला चार्ज करणारे रेग्युलेटर बनवायची. लाइनवरचे सगळे मीटर दर महिन्याला आमच्या खोलीत यायचे आणि मास्टर मीटरशी ताडून बघितले जायचे. जो जुळत नाही त्याला लाल चिठ्ठी. त्या खोलीचं सगळं एकाच माणसाकडं होतं. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा, उंच, हळू बोलणारा. सगळे त्यांना नावानं हाक मारायचे, मी भाऊ म्हणायचो.

भाऊ उस्मानपुऱ्यात राहायचे. बौद्ध कुटुंब. वडील रेल्वेत गँगमन होते, घरात शिकलेले हेच पहिले. मीही सुरुवातीला त्यांच्याच गल्लीत खोली करून राहिलो होतो. पहिल्या हिवाळ्यात मला कावीळ झाली तेव्हा वहिनींनी महिनाभर माझा डबा केला. तेल नसलेली भाजी, मऊ भात, ताक. बरा झाल्यावरही डबा चालूच राहिला. सकाळी त्यांच्या दारातून मी दोन डबे घेऊन निघायचो, एक भाऊंचा, एक माझा. गावी आईला मी कधी सांगितलं नाही की मी कुणाच्या घरचं जेवतो. तिनं एकदा विचारलं, तेव्हा खानावळ आहे म्हणालो.

भाऊ मास्टर मीटर सकाळी आल्याबरोबर लावायचे आणि तासभर त्याला हात लावू द्यायचे नाहीत. तापू दे म्हणायचे. एसीचा झोत त्याच्यावर येऊ नये म्हणून त्यावर जुन्या धोतराचा तुकडा टाकायचे. आकडा स्थिर झाला की आधी वहीत तपमान लिहायचं, मग वाचन. माझी वाचनं ते पुन्हा घ्यायचे आणि फरक निघाला तर रागवायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "परत घे." कधी कधी सहा-सात वेळा. मला ते चिडवल्यासारखं वाटायचं. आज माझ्या हातात जे काही आहे ते त्या "परत घे"मधून आलंय.

एका वर्षी मास्टर मीटर सरकारी लॅबमधून तपासून आला. आत एक छोटा पितळी स्क्रू असतो, त्यावर सगळा मीटर अवलंबून. तो केसभर फिरला तरी मीटरची प्रत्येक गोष्ट चुकते. लॅबनं तो बसवून दिला होता, पण त्यावर सील नव्हतं. भाऊंनी दुसऱ्या दिवशी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. मरून रंगाची. त्यांची मुलगी तेव्हा आठवीत होती, तिची. त्यांनी वरचे चार स्क्रू काढले, मला टॉर्च धरायला सांगितली आणि काडीच्या टोकानं एक थेंब त्या पितळी स्क्रूवर असा सोडला की अर्धा स्क्रूवर आणि अर्धा त्याच्या घरावर.

"आता कुनी फिरवला तर थेंब तडकल," ते म्हणाले. "चोराला कळनार बी नाय."

त्यानंतर दोन वर्षांनी नवे मॅनेजर आले. त्यांनी लाइनसाठी नवा मीटर मागवला, परदेशी, बारीकसा, देखणा. नियमानं तो आधी आमच्याकडे यायला हवा होता. आला तेव्हा तो लाइनवर चार दिवस वापरून झाला होता. भाऊंनी ताडून बघितला. पाव व्होल्ट कमी दाखवत होता. म्हणजे लाइनवरची पोरं आकडा जुळवण्यासाठी रेग्युलेटर तेवढाच वर ओढत होती. भाऊंनी लाल चिठ्ठी लावली. मॅनेजर स्वतः खोलीत आले.

"त्याच्यासोबत सर्टिफिकेट आहे," ते म्हणाले. "तुमचा हा डबा माझ्या वयाचा आहे."

"साहेब, सर्टिफिकेट हाय, पन मीटर कमी दाखवतोय. माल पाठवू नका."

मॅनेजरांनी चिठ्ठी काढली आणि मीटर घेऊन गेले. माल गेला. तीन महिन्यांनी परत आला. उन्हाळ्यात बॅटऱ्या उकळल्या होत्या, पाणी आटलं होतं. ट्रकभर खोकी गेटजवळ उतरवून ठेवलेली मी बघितली.

कुणाचा तरी बळी जाणार हे सगळ्यांना कळत होतं. चार दिवसांत गोष्ट फिरली. मॅनेजर म्हणू लागले, नवा मीटर मास्टरशी जुळवूनच लाइनवर दिला होता; पण मास्टरच या माणसानं परवानगी नसताना उघडला आणि आतली सेटिंग हलवली, म्हणून सगळंच चुकलं. कँटीनमध्ये त्याला शेपूट फुटलं. "कोट्यातनं आलेला मानूस, आनखी काय व्हनार," एक जण म्हणाला. खासगी कंपनीत कसला आलाय कोटा? पण ऐकणारे सगळे मान डोलवत होते. मी त्याच बाकड्यावर बसलो होतो. मी मान डोलावली नाही. एवढंच माझं शौर्य.

चौकशीत भाऊंनी एकच गोष्ट सांगितली. "मीटर उघडून बघा. चार स्क्रू हायेत. आत सील हाय. तडकलं आसंल तर मी चोर."

"सील लावताना कोणी होतं?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं.

भाऊंनी माझं नाव घेतलं.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, चहा मागवला. मला कंत्राटावर सहा वर्षं झाली होती. लग्न झालेलं, मुलगा दोन वर्षांचा. ते म्हणाले, तुझं कायम करण्याचं पत्र तयार आहे, सही राहिलीय. मग म्हणाले, "नीट विचार करून बोल. शेवटी तू आपल्यातला आहेस."

मी धनगराचा पोरगा. त्या साहेबाच्या घरी मी गेलो असतो तर पायऱ्यांवरच उभा राहिलो असतो. पण आपल्यातला म्हणून मला त्या कंपनीत त्या दिवशी पहिल्यांदा कुणी म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या साहेबांनी मला कागद दिला. मी लिहिलं, सील लावल्याचे मला आठवत नाही. खाली सही, ठिकाण औरंगाबाद. भाऊ समोरच बसले होते. ते माझ्याकडे बघत होते असं मला वाटतं, पण मी बघितलं नाही, त्यामुळं सांगता येत नाही.

मीटर कुणी उघडलाच नाही. पुरावा खराब होईल म्हणून तो तसाच खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. भाऊंना काढल्याचं पत्र मिळालं, त्यात उपकरणाशी छेडछाड असं लिहिलेलं. शेवटच्या दिवशी ते खोलीत आले, आपला चष्मा आणि पट्टी घेतली, कपाटाची किल्ली, जी त्यांच्याकडून कुणी मागून घेतलीच नव्हती, माझ्यापुढं ठेवली.

"मीटर कुठलाबी लाव," ते म्हणाले, "वर कापड टाकत जा. एसीचा झोत वाईट."

ते गेले. पुढच्या सोमवारी मी त्यांच्या स्टुलावर बसलो. स्टूल माझ्या मानानं उंच होतं, मी ते खाली करून घेतलं.

लोकांना वाटेल, किल्ली माझ्याकडे होती तर मी कधीतरी उघडून बघितलं असेल. नाही बघितलं. पुढची सतरा वर्षं ते कपाट माझ्या पाठीमागं होतं आणि मी त्याला पाठ करून काम केलं. उस्मानपुऱ्यातली खोली मी महिन्याभरात सोडली आणि बजाजनगरला आलो. शहरात काही काम निघालं तर रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला लावायचो. बायकोला आधी वाटायचं, मला त्या रस्त्याची गर्दी आवडत नाही.

तर चाचांकडून आणलेला तो मीटर मी घरी टेबलावर ठेवला. चार दिवस तसाच. पाचव्या दिवशी दुपारी बायको बाहेर गेली होती, तेव्हा चार स्क्रू काढले. आतमध्ये धूळ, एक मेलेलं झुरळ, फुटलेला एक कपॅसिटर, आणि मधोमध तो थेंब. काळपट झालेला, पण अखंड. अर्धा स्क्रूवर, अर्धा घरावर. मी भिंग लावून बघितलं. कुठं केसाएवढीही चीर नव्हती. खरं तर बघायची गरज नव्हती. टॉर्च मीच धरली होती.

मी तो दुरुस्त केला. तीन कपॅसिटर बदलले, स्विच पुसला, त्या पितळी स्क्रूकडे हातही नेला नाही. लाल आकडे लागले. ओळखीच्या एका लॅबवाल्याकडे नेऊन ताडून बघितला. शेवटच्या आकड्यात दोनाचा फरक होता, म्हणजे नसल्यात जमा. "एवढा जुना असून?" लॅबवाला म्हणाला. "कुणाचा आहे?" मी मीटरची वायर गुंडाळली.

रविवारी सकाळी मीटर पिशवीत घालून मी उस्मानपुऱ्यात गेलो. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला होता, घर तेच होतं, वर एक मजला चढलेला. दार एका पस्तिशी ओलांडलेल्या बाईनं उघडलं. तिनं माझ्याकडे, मग पिशवीकडे बघितलं.

"तुम्ही डबा न्यायला यायचात," ती म्हणाली.

भाऊंची मुलगी. मी ओळखलं नसतं.

भाऊ दिवाणावर बसले होते. साखरेनं डोळे गेलेले, उजेड-अंधार तेवढा कळतो असं तिनं सांगितलं. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मला ते माहीतही नव्हतं. मी नाव सांगितलं. भाऊंनी चेहरा माझ्याकडे वळवला, बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

"भाऊ, आपला मास्टर मीटर घावला. आणलाय."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी मीटर मांडीवर ठेवला. त्यांची बोटं कडांवरून, स्विचवरून, मागच्या पत्र्यावरून फिरली.

"चालतोय?"

"चालतोय."

"काय काय बदललंस?"

"तीन कपॅसिटर. स्विच पुसला."

"आन् रेफरन्सचा पितळी स्क्रू?"

"हात नाय लावला, भाऊ. सील तसंच हाय."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मी कशाला फिरवीन?"

मग त्यांनी विचारलं, किती वेळ तापवलास, ताडायला काय लावलं, फरक किती आला. मी सांगत गेलो. दोनाचा फरक ऐकून ते हसले, मनापासून, आणि मुलीला म्हणाले, "बघितलंस का? दोन!" मला वाटलं, झालं, इतकं सोपं होतं. मी म्हणालो, "भाऊ, माझ्याकडनं तवा..." त्यांनी हात वर केला आणि मला थांबवलं. पुढचं मुलगीच बोलली.

ती उभीच होती. आवाज चढवला नाही. तिनं सांगितलं की नोकरी गेल्यावर बाबा दोन महिने रोज पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघायचे आणि रेल्वे स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचे. आईला एका शेजारणीनं सांगितलं तेव्हा कळलं. ते पत्र बघून कुठल्याच कंपनीनं त्यांना मोजमापाच्या खोलीत घेतलं नाही. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात ते तार गुंडाळायला बसले, डोळे जाईपर्यंत. तिला स्वतःला इन्स्ट्रुमेंटेशनला जायचं होतं. आई म्हणाली, त्या लायनीचं नाव काढू नको. आता ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे.

"ती नेलपॉलिश माझी होती," ती म्हणाली. "गॅदरिंगसाठी आणलेली. तुम्हाला आठवत नव्हतं तर मला विचारायचं. मी शाळेत होते, पण मी आले असते, सांगितलं असतं."

मी खिशातून रुमाल काढला.

"काका, रडू नका," ती म्हणाली. "लिहून द्या."

तिनं वहीतलं पान फाडून पेन दिलं. मी तिथंच बसून लिहिलं. सील लावले तेव्हा मी हजर होतो, ते आज अखंड आहे, मीटरशी छेडछाड झालेली नव्हती. मध्ये एक ओळ आपोआप आली: त्या वेळी मला नीट आठवत नसल्याने मी तसे लिहिले होते. ठिकाण म्हणून शहराचं नवं नाव घातलं. मुलीनं ते बापाला वाचून दाखवलं. त्या ओळीशी भाऊ म्हणाले, "थांब."

मग माझ्या दिशेनं वळून, अगदी पूर्वीसारखं, म्हणाले, "परत घे."

मी ती ओळ खोडली. वर लिहिलं: मला आठवत होते. मी भीतीने व नोकरीसाठी खोटे लिहिले.

सही करायला मी वेळ लावला, पण त्याचं कारण पश्चात्ताप नव्हता. माझा मुलगा त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मी त्याचा विचार करत होतो.

मुलीनं कागदाची एक प्रत रजिस्टर पोस्टानं कंपनीला पाठवली, मूळ स्वतःकडे ठेवलं. महिन्यानं उत्तर आलं. त्या काळातील कागदपत्रे उपलब्ध नाहीत, तत्कालीन अधिकारी सेवेत नाहीत, ते खातेही आता अस्तित्वात नाही, सबब याबाबत काही करता येत नाही. बस. त्या आधी माझ्या मुलाला मात्र ऑफिसात बोलावणं आलं होतं. कागदपत्रं नव्हती, पण कुणाचा मुलगा कुठं आहे ते त्यांना बरोबर सापडलं. त्याला कुणी काही केलं नाही, नुसतं विचारलं, तुमच्या वडिलांना काही त्रास आहे का? तो घरी आला तो शर्टही न बदलता माझ्यासमोर उभा राहिला.

"एवढी वर्षं गप बसलात ना? मग आणखी बसायचं होतं. माझ्या कर्जाच्या हप्त्यांच्या वेळेलाच तुम्हाला खरं बोलायचं सुचलं?"

बायकोनं त्याला आवरलं. नंतर ती मला म्हणाली, "तो चुकीचं नाय बोलला." तो आता फोनवर फक्त आईशी बोलतो. मी विचार करतो तेव्हा कधी कधी मला त्या जुन्या कागदापेक्षा या नव्या कागदाचा जास्त पस्तावा होतो. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे.

भाऊंकडे मी नंतर तीन वेळा गेलो. मीटर त्यांनी ठेवून घेतला होता. मी गेलो की ते मीटरचंच बोलायचे, दुसरं काही नाही. तिसऱ्या वेळी मी निघालो तेव्हा मुलगी गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्यामागं आली.

"काका, आता येऊ नका," ती म्हणाली. "तुमच्यासमोर ते बरे असतात. तुम्ही गेल्यावर दोन दोन दिवस जेवत नाहीत. मला म्हणतात, त्यानं टॉर्च धरली व्हती गं, त्यानं टॉर्च धरली व्हती."

मी गेलो नाही. उन्हाळ्यात जुन्या कामगारांच्या मोबाईलवरच्या गटात कुणीतरी टाकलं की भाऊ वारले. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. कँटीनमध्ये कोट्याचं बोलला होता त्यानंही टाकली. मीही टाकली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळच्या बुद्धविहारात होता. बोलावणं नव्हतं, तरी गेलो. मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून भाऊंविषयी बोलू लागला. शेजारी बोलले, रिवायंडिंगच्या दुकानाचा मालक बोलला, म्हणाला की असा हिशेबी हात मी दुसरा पाहिला नाही. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माईकवर विचारलं, "कंपनीतलं कुणी आलं असेल तर दोन शब्द बोलावेत."

मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. ती मागं वळली. तिला मी दिसलो. तिनं खूण केली नाही की डोळे वटारले नाहीत, नुसती बघत राहिली. सभागृहात पंखे फिरत होते. मी गुडघ्यांवर हात ठेवले होते आणि उठायचं आहे हे मला स्वच्छ कळत होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, "तुम्ही कंपनीतले का?"

"ओळखीचा आहे," मी म्हणालो.

मग ती स्वतः उठली. माईक घेतला, पर्समधून घडी घातलेलं वहीचं पान काढलं आणि वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत, माझ्या नावासकट. खोडलेली ओळही तिनं वाचली आणि सांगितलं की ही खोडलेली आहे. शेजारच्या माणसानं माझ्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही. तिनं पान पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवलं, माईक परत दिला आणि जागेवर जाऊन बसली. सूत्रसंचालकानं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.